पाठीवर साडेचार किलो

भारतवारीच्या वेळी बॅगा जोखायचा हुकाचा काटा प्रत्येक देशी घरात असतो. आमच्या काट्याने आजवर वीस किलोच्या खालचं काही पाहिलं नव्हतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याला एक लालभडक, चिमुकली सॅक लटकली आणि आकडा आला ६.८. लेकीचं वजन ३० किलो. मुलांच्या पाठीवर त्यांच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त ओझं देऊ नये, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे साडेचार किलो, फार तर. वरचे दोन किलो तीनशे ग्रॅम कुठून काढायचे यावर दोन संध्याकाळी गेल्या. कापडी हत्ती हा विषय चर्चेला येणारच नाही, हे तिने आधीच जाहीर केलं होतं. शेवटी तीन पुस्तकांचं एक झालं, जीन्स गेली, तिची पाण्याची एक बाटली माझ्या सॅकमध्ये आली आणि हत्ती राहिला.

मी सह्याद्रीत वाढलेला माणूस. राजमाची, हरिश्चंद्रगड, लोणावळा ते भीमाशंकर, सगळं एसटी आणि वडापावाच्या जोरावर. त्यामुळे मुलगी दहा वर्षांची झाली की तिला घेऊन चार दिवस रानात राहायचं, हे माझ्या डोक्यात ती पाळण्यात असल्यापासून होतं. कॅलिफोर्नियातल्या आमच्या फ्रीमाँटहून सोयीचं रान म्हणजे इथल्या सांताक्रूझच्या डोंगरातलं बिग बेसिन. पण २०२० च्या ऑगस्टमधल्या वणव्यात ते जवळजवळ सगळं होरपळलं. तिथली रेडवुडची झाडं, म्हणजे जगातली सर्वांत उंच जात, बरीचशी जगली आहेत, खालपासून वरपर्यंत हिरवे कोंब फुटून बाटली घासायच्या ब्रशसारखी दिसतात. पण पूर्वी लोक डोंगरमाथ्यावरून समुद्रापर्यंत मुक्काम करत चालत जायचे, ते तसं राहिलेलं नाही. म्हणून उत्तरेकडे, ऑरिक गावाजवळच्या रेडवुड नॅशनल पार्ककडे नजर वळवली.

माझा पहिला बेत एक्सेलमध्ये होता. रोज नऊ मैल, दोन डोंगरधारा, एक समुद्रकिनारा. बायकोने तो वाचला आणि एवढंच विचारलं, "ट्रेक तुला करायचाय की तिला?" धाकटा दीड वर्षाचा, त्यामुळे ती येणार नव्हती, पण नकाराधिकार तिच्याकडे होता. दुसरा बेत रेडवुड क्रीक या नदीच्या काठाने जाणाऱ्या वाटेचा. सुरुवातीपासून टॉल ट्रीज ग्रोव्ह या उंच झाडांच्या राईपर्यंत साधारण आठ मैल, बहुतेक सपाट. माझ्यासाठी एका दिवसाचं काम. आम्ही जाऊन-येऊन चार दिवस घेतले.

मुक्कामाचा परवाना फुकट असतो, पण आधी ऑनलाइन काढावा लागतो. जेवणाचं सामान अस्वलाला न उघडणाऱ्या पिंपात ठेवायचं, हा दुसरा नियम. हे पिंप म्हणजे जाड प्लॅस्टिकचा, बिनकडीचा, फिरकीच्या झाकणाचा डबा. मित्राकडून एक आणून स्वयंपाकघरात रंगीत तालीम केली. चार दिवसांचं दोघांचं जेवण त्यात मावेना. बरं, नुसतं जेवण नाही. ज्याला ज्याला वास येतो ते सगळं आत: टूथपेस्ट, सनस्क्रीन, ओठांना लावायचं मलम, कचऱ्याची पिशवीसुद्धा. दोनदा रिकामं करून भरलं. फुगीर पाकिटं टोचून हवा काढली, चिवडा दाबून दाबून निम्मा केला. साताऱ्याहून आईने पाठवलेली लसणाची चटणी तीन पिशव्यांत बांधून तळाशी गेली. तिचा वास तीन पिशव्यांना जुमानणारा नव्हता. लेक म्हणाली, "बाबा, अस्वल येईल ते हिच्यासाठीच येईल."

दिवस पहिला : एकशे एक

पहाटे सहाला निघालो. १०१ नंबरचा रस्ता धरून नुसतं उत्तरेला जायचं. सांता रोझापर्यंत ट्रॅफिक, मग द्राक्षाचे मळे, मग कंटाळा. गाडीच्या प्रवासाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

दुपारी हम्बोल्ट रेडवुड्स उद्यानातल्या फाउंडर्स ग्रोव्हला थांबलो. तिथे डायरव्हिल जायंट नावाचं झाड आडवं पडलंय. साडेतीनशे फुटांहून उंच होतं. मार्च १९९१ मध्ये पडलं, तेव्हा जवळपास राहणाऱ्या एकाला आगगाडीला अपघात झाल्यासारखा आवाज आला म्हणे. लेकीने बुंध्याच्या कडेने पावलं मोजायला सुरुवात केली. दीडशेच्या पुढे कुठेतरी आकडा चुकला, मग परत मुळाशी येऊन पहिल्यापासून.

मला स्वतःला त्याच्या मुळांनी थांबवलं. उपटून आलेली मुळांची तबकडी एखाद्या बंगल्याच्या भिंतीएवढी उभी आहे, पण जाडीला अगदी बेताची. एवढ्या झाडाला सोटमूळ नाही! रेडवुडची मुळं जेमतेम दहा-बारा फूट खोल जातात आणि आडवी मात्र शंभर-शंभर फूट पसरतात, शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंतून. पुस्तकात हे वाचलं होतं, पण ती तबकडी बघेपर्यंत पटलं नव्हतं. लेक म्हणाली, "म्हणजे आपल्या पिंपळाला खाली पाय आहेत, याला नुसत्या चपला." याच्यावर काय बोलणार.

मुक्काम आर्केटाला, साध्या मोटेलात. रात्री शेवटची गादी.

दिवस दुसरा : हेच का ते रेडवुड?

सकाळी ऑरिकच्या अलीकडे समुद्राला लागून असलेल्या माहिती केंद्रात गेलो. पिंप इथे विनामूल्य उसनं मिळतं, त्यामुळे मित्राचं घरीच ठेवलं होतं. रेंजरबाईंनी परवाना पाहिला आणि मग माझ्याशी बोलणं थांबवून थेट लेकीला प्रश्न विचारायला सुरुवात केली. तंबूपासून पिंप किती लांब ठेवशील? पाणी कसं पिशील? डोंगरी सिंह, म्हणजे प्यूमा, दिसला तर पळशील का? तिला शंभर फूट माहीत होतं, फिल्टर माहीत होता, आणि पळायचं नाही, मोठं दिसायचं, हेही माहीत होतं. मी शाळेच्या तोंडी परीक्षेला आलेल्या पालकासारखा मागे उभा.

वाटेची सुरुवात बाल्ड हिल्स रस्त्यापासून आत आहे. तिथल्या फलकावर डोंगरी सिंहाचं चित्र आणि "मुलांना जवळ ठेवा" अशी सूचना. लेकीने ती मोठ्याने वाचून माझा हात धरला. पुढची दहा मिनिटं धरून ठेवला. ही माझी या सहलीतली पहिली कमाई.

पहिल्या मैलातच मात्र तिचा चेहरा पडला. ही वाट म्हणजे बरीचशी जुन्या लाकूडतोडीच्या काळातला रस्ता. दोन्ही बाजूंना अल्डर, मोठ्या पानांचे मेपल आणि काठीसारखी सरळ, दाटीवाटीने उभी असलेली तरुण झाडं. "हेच का ते रेडवुड?" तिने विचारलं. खोटं कशाला बोलू? म्हटलं, हे आहेत, पण तुझ्या आजोबांच्या वयाचे. मोठे कापून नेले, त्यानंतर उगवलेले. किनाऱ्यालगत या झाडांचं एकेकाळी सुमारे वीस लाख एकर रान होतं, त्यातलं जुनं, कधीही न तोडलेलं आज जेमतेम पाच टक्के उरलंय. तिने आकडा ऐकला आणि म्हणाली, "मग शंभरपैकी पंच्याण्णव मार्क कापले." मधूनच एखादा जुना बुंधा येई, पन्नास पावलं पुढे जाऊनही मागे वळून बघावं असा. पण ते तुरळक.

दीड मैलावर नदी ओलांडायला लाकडी पूल लागला. हे पूल फक्त उन्हाळ्यापुरते बसवतात. हिवाळ्यात नदी ते ठेवत नाही, म्हणून शरद ऋतूत काढून घेतात. पुलावरून पाय सोडून बसलो, गुळ-शेंगदाण्याचा एकेक लाडू खाल्ला. माझ्या हिशेबात या थांब्याला पाच मिनिटं होती. पाऊण तास गेला.

त्यानंतर गोगलगायी सुरू झाल्या. बनाना स्लग म्हणजे बिनशंखाची, पिवळीधमक, बोटाहून लांब गोगलगाय, अंगावर पिकल्या केळ्यासारखे काळे ठिपके. पहिली दिसली तेव्हा आम्ही दोघंही ओणवे झालो. सातवी दिसली तेव्हा मी घड्याळ बघत होतो. लेकीने वही काढली, तारीख घातली आणि रेघा मारायला लागली. एका गोगलगायीला वाट ओलांडायला किती वेळ लागतो हे तिला मोजायचं होतं. अकरा मिनिटं. मी तेवढ्यात सॅक उतरवून ठेवली, परत चढवली, परत उतरवली.

मग जमिनीवर ती वनस्पती दिसली. तिपानी, बदामी आकाराच्या पानांची, सावलीत गालिच्यासारखी पसरलेली. लेक दर दोन वर्षांनी साताऱ्याला जाते, आजीच्या कुंड्यांतली आंबुशी खाते. तिने बरोबर ओळखली: "बाबा, मोठी आंबुशी!" खरंच तिची बहीण, रेडवुड सोरेल. उन्हाची तिरीप थेट पडली की ही पानं छत्री मिटल्यासारखी खाली झुकतात आणि सावली आली की पुन्हा उघडतात. लेकीने टॉर्चने ऊन पाडून बघितलं. आंबुशी फसली नाही.

एलाम कॅम्प, वाटेच्या सुरुवातीपासून सुमारे तीन मैल. आम्हाला पावणेपाच तास लागले. टेबल, शौचालय, मोजक्या जागा. तंबू लावला, मेतकूट-भात झाला. आणि मग ते घडलं. ती चिवड्याची पिशवी उघडायला गेली, पिशवी मध्येच टरकली आणि मूठभर चिवडा पालापाचोळ्यात.

एरवी म्हटलं असतं, खातील मुंग्या. इथे तसं चालत नाही, आणि का चालत नाही ते तिलाच माहीत होतं, कारण फलक तिने वाचला होता. मार्बल्ड मरलेट नावाचा समुद्रपक्षी आहे, कबुतराहून थोडा लहान. दिवसभर समुद्रात मासे धरतो आणि अंडं घालायला मैलोन्मैल आत, जुन्या झाडांच्या उंच, शेवाळलेल्या फांद्यांवर येतो. घरटं बांधत नाही, शेवाळात एकच अंडं. हा पक्षी कुठे वीण करतो हे कित्येक वर्षं कुणाला कळतच नव्हतं. १९७४ मध्ये बिग बेसिनमध्ये झाडावर चढलेल्या एका कामगाराला पिल्लू सापडलं तेव्हा कोडं सुटलं. आता त्याचा वैरी कोण, तर निळा, काळ्या तुऱ्याचा स्टेलर्स जे. कावळ्याच्याच कुळातला, आणि अक्कलही तीच. माणसं जिथे खरकटं सांडतात तिथे हे पक्षी जमतात, आणि जमले की आजूबाजूची अंडी-पिल्लंही शोधून खातात. म्हणून इथल्या उद्यानांत कण न् कण उचलायची शिस्त.

आम्ही दोघं कपाळावर दिवे बांधून गुडघ्यांवर. पोह्याचा एकेक पापुद्रा, डाळं, कढीपत्त्याचं पान. शेंगदाणे सापडायला सोपे, मोहरी अशक्य. टेबलाच्या टोकाला एक स्टेलर्स जे येऊन बसला होता, अंधार पडेपर्यंत हलला नाही. लेक त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुला काही मिळणार नाहीये." अगदी माझ्या आईचा सूर. जेवताना सांडलंस तर उचल, हे मी चाळीस वर्षं ऐकलं आणि चाळीस वर्षं टाळलं.

दिवस तिसरा : दगडगोट्यांवर घर

रात्री तंबूवर टपटप वाजत होतं. लेक उठली, "पाऊस?" मी डोकं बाहेर काढलं. पाऊस नव्हता. समुद्रावरून आलेलं धुकं वर झाडांच्या सुयांत अडकून थेंब होऊन गळत होतं. बर्कली विद्यापीठाच्या टॉड डॉसन यांनी १९९८ मध्ये छापलेल्या अभ्यासात या रानाला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे एक तृतीयांश असं धुक्यातून ठिबकून येतं, असं मोजलं होतं. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा. तेव्हा झाडं स्वतःच आपलं ठिबक सिंचन चालवतात. जैन इरिगेशनवाल्यांना दाखवायला हवं.

आजचं चालणं तीन मैल. सकाळी तिची कुरबूर सुरू झाली, खांदे दुखतात. पट्टे तपासले तर सगळं वजन खांद्यांवर. कमरेचा पट्टा तिने बेंबीच्या वर, शर्टाची घडी पडू नये म्हणून सैल बांधलेला. तो ओढून नितंबांच्या हाडावर बसवला, खांद्याचे पट्टे बोटभर सैल केले आणि कुरबूर थांबली. हे मी घरी करून बघायला हवं होतं. नुसतं वजन जोखलं, सॅक घालून तिला गल्लीत एक चक्कर मारायला लावली नाही. कुणी पोराला घेऊन जाणार असाल तर काट्यापेक्षा ही चक्कर आधी.

दुपारी वाट सोडून नदीपात्रात उतरलो. परवान्यात इथल्या दगडगोट्यांच्या पुळणीवर कुठेही तंबू टाकायची मुभा आहे, फक्त टॉल ट्रीज ग्रोव्हपासून पाव मैलाच्या आत नाही. जागा लेकीने निवडली: पाण्यापासून बरीच लांब, ऊन येईल अशी, एका वाहून आलेल्या ओंडक्याच्या आडोशाला. खुंट्या गोट्यांत रुतेनात. मग दोऱ्यांना कलिंगडाएवढे दगड बांधले. दुपारनंतर खोऱ्यातून वारा सुटला तेव्हा तंबू फुगला, पण हलला नाही.

ही पुळण इतकी रुंद का, हे मला रात्री समजावून सांगताना नाकी नऊ आले. नॅशनल पार्क १९६८ साली झालं तेव्हा या नदीच्या बाजूला उद्यानाच्या वाट्याला एक अरुंद, लांबलचक पट्टी आली. लोक तिला 'वर्म', म्हणजे अळी म्हणायचे. पट्टीच्या बाहेर, वरच्या डोंगरांवर तोड चालूच राहिली. उतार उघडे पडले, पुरात माती-दगड खाली आले आणि नदीचं पात्र भरत गेलं. जी झाडं वाचवायला उद्यान केलं त्यांच्याच पायथ्याशी नदी काठ खाऊ लागली. मग १९७८ मध्ये आणखी ४८,००० एकर घेतले. त्यातला बराच भाग आधीच तोडून झालेला. तोडलेलं रान सरकारने पैसे देऊन विकत घेतलं, कारण खालचं राखायचं तर वरचं हातात हवं.

"म्हणजे आपण ज्याच्यावर झोपतोय तो डोंगर आहे?" लेक म्हणाली. थोडा आहे खरा.

आणि हो, परसाकडे. हा विषय सगळेच प्रवासवर्णनवाले गाळतात आणि पोराबरोबर जाणाऱ्याला तोच आधी हवा असतो. इथे शौचालय नाही. पाण्यापासून दोनशे फूट लांब जायचं, खुरप्याने वीतभर खोल खड्डा करायचा, झाल्यावर बुजवायचा, कागद पिशवीत परत आणायचा. लेकीने ठाम नकार दिला. मी म्हटलं, तुझी पणजी रोज हेच करायची, तिच्याकडे खुरपंही नव्हतं. हा युक्तिवाद पडला. मग तिनेच तोडगा काढला: मी शंभर पावलांवर पाठ करून उभं राहायचं आणि सतत मोठ्याने गाणं म्हणायचं, म्हणजे मी आहे हे तिला कळेल. रेडवुड क्रीकच्या खोऱ्यात मी घालीन लोटांगण वंदीन चरण पूर्ण म्हटलं, मंत्रपुष्पांजलीसकट.

दिवस चौथा : वर बघणारी माणसं

तंबू तसाच ठेवून, पाठीवर फक्त पाणी, खाकरे आणि हत्ती घेऊन टॉल ट्रीजकडे निघालो. साधारण दोन मैल. ग्रोव्हच्या अलीकडे पुन्हा उन्हाळी पूल, आणि पलीकडे पाऊल टाकलं की आवाज बदलतो. नदी ऐकू येईनाशी होते. पाचोळा इतका जाड की बूट वाजत नाही. इथे मात्र "हेच का?" असं कुणी विचारलं नाही.

१९६३ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकच्या लोकांनी इथलं एक झाड मोजलं, ३६७ फुटांहून थोडं जास्त भरलं आणि ते जगातलं सर्वांत उंच झाड म्हणून गाजलं. उद्यान होण्यामागे त्या बातमीचा मोठा हात होता. पुढे त्याचा शेंडा वाळून गेला. त्याच्याहून उंच झाडं मग इतरत्र सापडली. सध्याचं सर्वांत उंच, हायपेरियन, २००६ मध्ये ख्रिस अ‍ॅटकिन्स आणि मायकेल टेलर या दोघांनी शोधलं. सुमारे ३८० फूट. तेही याच उद्यानात आहे, पण तिकडे कुठलीही वाट जात नाही. लोक रान तुडवत जायला लागले, मुळांवरची माती चेंगरली, नेचे मेले, कचरा झाला, म्हणून २०२२ पासून तो भाग बंद. सापडलात तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद.

आता कबुली. निघायच्या आधी एका मित्राने मला हायपेरियनचे जीपीएस आकडे पाठवले होते आणि मी ते पुसले नव्हते. दुपारी खाकरा खाता खाता मी सहज म्हणून फोन काढला. लेकीने बघितलं. "आपण नाही जायचंय ना?" म्हटलं, नाही, नुसतं बघतोय. "मग कशाला बघतोयस?" फोन आत गेला. रात्री तो मेसेज पुसला. तिने समोर बसून पुसायला लावला, असं म्हणणं जास्त बरोबर.

ग्रोव्हमध्ये आम्ही दोन तास होतो. उंचीचं मला फार काही कळलं नाही, खरं सांगतो. मान मोडेपर्यंत वर बघितलं तरी शेंडा दिसतच नाही, पहिली फांदीच दीडशे फुटांवर, तिच्यामागे धुकं. त्यापेक्षा सालीने जास्त वेळ घेतला. नारळाच्या सोडणासारखी धागेदार, मऊ, मोठ्या झाडांवर फूटभर जाड. टॅनिनमुळे कीड लागत नाही आणि राळ नसल्याने आग पटकन धरत नाही. तरी जुन्या वणव्यांनी काही बुंधे आतून पोखरलेत. अशा एका पोकळीत आम्ही दोघं शिरलो. आत काळाकभिन्न कोळसा, आणि वर झाड हिरवंगार. इथल्या जुन्या वसाहतकरी लोकांनी अशा पोकळ्यांत हंस-बदकं कोंडली, म्हणून त्यांना 'गूस पेन' म्हणतात. लेक आतून ओरडली, आवाज बाहेर गेलाच नाही.

शंकू तिने तळहातावर घेतला. एवढ्या थोरल्या झाडाचा शंकू ऑलिव्हएवढा, आवळ्याहून लहान. "झाडाला लाज वाटत असेल," ती म्हणाली आणि जिथून उचलला होता तिथेच परत ठेवला.

दिवस पाचवा : शेंगदाणा

परतीचे सहा मैल एका दमात. हा तिच्यासाठी सर्वांत मोठा दिवस, पण अन्न संपलेलं, सॅक हलकी, आणि पाय तयार झालेले. शेवटच्या मैलात मी मागे पडलो. गुडघा. ती वळणावर थांबून, कमरेवर हात ठेवून, "बाबा, घाई नाही" म्हणाली. माझंच वाक्य.

गाडी निघाली आणि ऑरिकमधून जाताना तिला शेंगदाण्याची गोष्ट सांगितली. १९७७ मध्ये उद्यान वाढवायची चर्चा सुरू होती तेव्हा इथले लाकूडतोडे चिडले. रोजगार जाणार होते. तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर हे शेंगदाण्याचे शेतकरी, आणि इंग्रजीत 'शेंगदाणे' म्हणजे किरकोळ गोष्ट. म्हणून लोकांनी रेडवुडच्या एका ओंडक्यातून प्रचंड शेंगदाणा कोरला, ट्रकवर चढवला आणि ट्रकांचा ताफा थेट वॉशिंग्टनला नेला. तुमच्या लेखी हे शेंगदाणे असतील, आमच्या लेखी रोजगार आहे, असा त्यांचा निरोप. व्हाइट हाउसने तो स्वीकारला नाही. शेंगदाणा आला तसा परत आला आणि कित्येक वर्षं ऑरिकमध्ये पडून होता.

लेक बराच वेळ गप्प. मग, "त्या लोकांचं बरोबर होतं का?" मी म्हटलं, झाडं वाचली ते बरंच झालं. "ते नाही विचारलं." ऑरिकच्या रस्त्याला लागून बंद पडलेली दुकानं होती. मला उत्तर देता आलं नाही, अजूनही नीट देता येत नाही.

मुक्काम शेजारच्या प्रेअरी क्रीक उद्यानातल्या एल्क प्रेअरी कॅम्पवर. संध्याकाळी कुरणात बारा-पंधरा रूझवेल्ट एल्क चरत होते. सांबराचे थोरले भाऊ. गरम पाण्याची आंघोळ पैसे टाकून मिळते. ती तिने अर्धा तास केली, सगळी नाणी संपेपर्यंत.

दिवस सहावा : झाकण

सकाळी फर्न कॅनियन. उन्हाळ्यात गाडीने जायचं तर आधी परवाना काढावा लागतो, तो काढला होता. पन्नास फुटी उभ्या भिंती, दोन्हीकडून नेच्यांनी मढलेल्या, मधून झरा. कोकणातल्या पावसाळी दरडींची आठवण आली. गर्दी होती. सुंदर आहे, फोटो सगळ्यांनी पाहिलेत, मी पुढे जातो.

परतीच्या वाटेवर माहिती केंद्रात पिंप परत करायला थांबलो. योगायोगाने त्याच रेंजरबाई. त्यांनी लेकीला विचारलं, काय काय दिसलं? मी मनातल्या मनात टॉल ट्रीज म्हणालो. लेकीने वही उघडली: बनाना स्लग त्रेसष्ट, स्टेलर्स जे नऊ, एल्क चौदा, कॉन्डोर शून्य. युरोक या इथल्या मूळनिवासी लोकांनी २०२२ पासून इथे कॉन्डोर, म्हणजे गिधाडांहून थोरले पक्षी, पुन्हा सोडलेत, शंभरहून जास्त वर्षांनी. ती चारही दिवस आकाशात डोळे लावून होती, दिसली ती गिधाडं.

रेंजरबाईंनी पिंपाचं झाकण फिरवलं. नाक आत गेलं, झटकन बाहेर आलं, आणि मग पुन्हा, सावकाश आत गेलं.

"गार्लिक?"

"लसणाची चटणी," लेक म्हणाली. "माय आजी मेड इट. आम्ही एक कणही सांडला नाही."

बाईंनी पिंप धुवायच्या रांगेत ठेवलं. मग काहीतरी विचार करून उचललं आणि रांगेपासून वेगळं, दाराबाहेर, वाऱ्यावर ठेवलं.